बोअर मारायच्या आधी रेझिस्टिव्हिटी सर्व्हे: लोक वारंवार विचारतात ते प्रश्न

मार्च-एप्रिल आला की फोन सुरू होतात, विहीर तळाला गेली, बाग जळतेय, पॉइंट काढून द्या. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. बहुतेक उत्तरं आपल्या काळ्या पाषाणाच्या भागासाठी आहेत, कारण महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग त्याच खडकावर बसलाय. तापी-पूर्णेचा गाळ आणि कोकण यांचं गणित वेगळं, त्यांच्याबद्दल पुढे थोडं लिहिलंय.

मशीनला जमिनीखालचं पाणी दिसतं का?

नाही. मशीनला पाणी दिसत नाही, खडक विजेला किती अडवतो एवढंच कळतं, त्यालाच रेझिस्टिव्हिटी म्हणतात. बाकी सगळं आपण त्या आकड्यांवरून काढलेलं अनुमान असतं, आणि ते अनुमान काढणाऱ्याला शेजारच्या विहिरींची माहिती नसेल तर मशीन कितीही भारी असू द्या, उपयोग नाही.

मग शेतात खुंट्या ठोकून नक्की करतात काय?

चार लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांमधून जमिनीत करंट सोडायचा आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये किती व्होल्टेज मिळतं ते मोजायचं. मग बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत जायचं, म्हणजे करंट अजून खोलातून फिरून येतो आणि खालच्या थरांचा असर रीडिंगमध्ये यायला लागतो. ही आयडिया काही आजची नाही, फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्गरने १९१२ च्या सुमारास हे प्रयोग केले आणि अमेरिकेत फ्रँक वेनरने १९१५ मध्ये समान अंतराची मांडणी छापली, आजही आपल्याकडे याच दोन नावांनी मांडण्या ओळखल्या जातात.

खुंटीभोवती मीठपाणी ओततात ते जादू म्हणून नाही हं, कोरड्या मातीत खुंटीचा कॉन्टॅक्ट बसत नाही म्हणून. आणि करंट सोडतात तेव्हा खुंटीवर शेकडो व्होल्ट असू शकतात, त्यामुळे पोरंसोरं आणि गुरं लांब ठेवा.

आपल्याकडे पाणी असतं तरी कुठे?

हे कळलं की निम्मा सर्व्हे कळला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पडत गेले, त्याचा हा खडक. प्रत्येक थराचा खालचा भाग बहुतेकदा घट्ट, काळा, एकसंध, तो पाणी धरत नाही, फक्त त्याच्या सांध्याफटींत काय असेल तेवढंच. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे छिद्रांचा, पुढे त्या छिद्रांत पांढरी खनिजं भरलेली, त्यालाच आपण मांजऱ्या म्हणतो, तो लवकर झिजतो आणि झिजला की पाणी धरतो. दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल गेरूचा पट्टा येतो. आणि सगळ्यात वर मुरूम.

शेजारच्या जुन्या विहिरीत डोकावून बघा, कठड्याखाली हे सगळं उघडं दिसतं. वर माती, मग पिवळसर मुरूम, मग मांजऱ्या, त्यातून पाझर ओला दिसतो, आणि त्याखाली तासलेला काळा पाषाण. फुकटात एवढा चांगला रिपोर्ट कोणी देत नाही. सर्व्हेवाला आला आणि आजूबाजूच्या तीन-चार विहिरी न बघता डायरेक्ट खुंट्या ठोकायला लागला तर मला तरी तिथेच शंका येते.

किती ओहम-मीटर आले म्हणजे पाणी?

ओहम-मीटर हे खडक विजेला किती अडवतो त्याचं माप, पण पाण्याचा असा एक जादूचा आकडा नाहीये. तरी अंदाज यावा म्हणून, काळ्या पाषाणाच्या भागात साधारण असं चालतं: काळी माती, चिकणमाती, गेरू हे ५ ते १० च्या आसपास, झिजलेला फुटलेला पाण्याने भरलेला मांजऱ्या २० ते ४५, थोडा कमी झिजलेला ४० ते ७०, आणि घट्ट पाषाण ७० च्या वर, तो शेकड्यांतही जातो. गावागणिक हे बदलतं, म्हणून ज्या विहिरीला पाणी आहे तिच्या शेजारी एक रीडिंग आणि जो बोअर कोरडा गेलाय त्याच्या शेजारी एक, असं घेऊन आधी त्या शिवाराचा आकडा ठरवायचा असतो. हे फार कमी लोक करतात.

आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त, बरोबर ना?

चूक, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

उपसता येईल इतकं पाणी नसलं तरी चिकणमातीतून वीज सहज जाते. गेरूचंही तेच. म्हणजे ८ ओहम-मीटर बघून खूश होऊन बोअर मारला तर लाल चिखल निघू शकतो, पाणी नाही. दुसरं म्हणजे खारं पाणी. पाण्याचा स्वतःचा आकडा काढायचा तर १०,००० ला त्याच्या ईसीने, म्हणजे वीज वाहून नेण्याच्या क्षमतेने भागा, ईसी मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये. ईसी ५०० असलेलं गोडं पाणी आलं २० ओहम-मीटर, ईसी ३,००० असलेलं मचूळ पाणी आलं ३ च्या थोडं वर. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या गाळात, म्हणूनच मशीनचे आकडे एकदम खाली येतात, पाणी तिथे आहेच, पण ते पिकाला घालायच्या लायकीचं नाही. तिथे उलट थोडा जास्त आकड्याचा, वाळूचा थर शोधावा लागतो.

रिपोर्टमध्ये लिहिलंय "४८० फुटांवर धार, अडीच इंच पाणी". विश्वास ठेवायचा का?

नाही ठेवायचा. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त फोन याच ओळीवरून येतात.

पहिली गोष्ट वायरची. बाहेरच्या दोन खुंट्या एकूण जितक्या पसरल्या त्याच्या साधारण चौथ्या ते सहाव्या हिश्श्याएवढ्या खोलीपर्यंतचंच काहीतरी कळतं. ४८० फूट म्हणजे जवळपास १४६ मीटर, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत ६०० ते ९०० मीटर वायर सरळ रेषेत पसरायला हवी. तुमच्या शेतात त्या दिवशी किती पसरली होती आठवा. २०० मीटर पसरली असेल तर ३५ ते ५० मीटरच्या खाली काय आहे यावर तो माणूस जे बोलला ते मशीनने सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. आपल्याकडे खोलातलं पाणी एक-दोन फूट ते फार तर मीटरभर जाडीच्या फुटीतून येतं. वरून मोजताना थर जितका खोल तितका तो जाड असावा लागतो, ढोबळमानाने खोलीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा पातळ थर रीडिंगमध्ये उमटतच नाही. १०० मीटरवरची एक मीटरची फट वरून सापडणं म्हणजे आपल्या पद्धतीच्या हाताबाहेरचं काम आहे, कोणाचीही मशीन असो.

तिसरी गोष्ट थोडी टेक्निकल आहे पण समजून घ्या. घट्ट पाषाणात एखादा नरम थर दबलेला असेल तर रीडिंगवरून त्याची जाडी आणि त्याचा आकडा वेगवेगळे काढता येत नाहीत, दोघांचा भागाकार तेवढा कळतो. १० मीटर जाड २० ओहम-मीटरचा थर आणि ५ मीटर जाड १० ओहम-मीटरचा थर, दोघांचा ग्राफ जवळपास सारखाच येणार. यातला पहिला पाण्याने भरलेला मांजऱ्या असू शकतो आणि दुसरा नुसता गेरू. ग्राफ बघून कोणता ते सांगता येत नाही, विहिरी बघून सांगता येतं.

आणि "अडीच इंच" हा आकडा तर कोणत्याच रीडिंगमधून निघत नाही. पाणी किती येईल ते फटी कुठे आणि किती जोडलेल्या आहेत, पाऊस मुरतो किती, शेजारी किती उपसा आहे यावर ठरतं.

मग सर्व्हे करून फायदा काय?

वाईट जागा टाळता येतात. मुरूम आणि झिजलेला थर कुठे जाड आहे, घट्ट पाषाण कुठे वरच आलाय, हे चांगलं कळतं, आणि आपल्या खडकात बऱ्याच ठिकाणी पाण्याचा मोठा साठा वरच्या या झिजलेल्या भागातच असतो. पाच एकरात तीन जागा मनात असतील तर त्यातली कोणती सोडायची हे सर्व्हे सांगू शकतो. ड्रिलिंगचा खर्च फुटावर असतो, सर्व्हेचा तसा नसतो, तेव्हा एक कोरडा बोअर वाचला तरी पैसे वसूल.

रीडिंग कितपत भरवशाचं असतं?

एक उदाहरण घ्या. बाहेरच्या खुंट्या मध्यापासून ६० मीटरवर, आतल्या ५ मीटरवर. या मांडणीचा गुणक येतो साधारण १,१२३. करंट सोडला १०० मिलीॲम्पिअर, व्होल्टेज मिळालं ४ मिलीव्होल्ट. भागाकार ०.०४, गुणिले १,१२३, उत्तर ४५ ओहम-मीटर. छान, पाण्याचा थर! पण आता शेजारच्या मोटारीच्या अर्थिंगमुळे एक मिलीव्होल्ट इकडेतिकडे झाला तर तेच उत्तर ३४ किंवा ५६ येतं. म्हणजे मिलीव्होल्टच्या भांडणावर तुमचा बोअर ठरतोय. म्हणून प्रत्येक रीडिंग तीन-चार वेळा घ्यायचं, करंट वाढवून बघायचा, लाईट गेलेली असताना काम केलं तर अजून चांगलं. लोडशेडिंगचा एवढा एकच फायदा.

तारेचं कुंपण, डीपी, पाइपलाइन असेल तर?

लोखंडी पाइप आणि खांबांना बांधलेली लोखंडी तार करंट पळवून नेते, रीडिंग खोटं येतं. पीव्हीसी पाइपचा तसा त्रास नाही. डीपीपासून आणि हाय टेन्शन लाइनपासून लांब जा, आणि खुंट्यांची रेषा कुंपणाला समांतर टाकू नका, आडवी टाका.

टूडी सर्व्हे म्हणतात तो घ्यावा का? रंगीत चित्र देतात तो.

परवडत असेल तर हो. यात ४८ किंवा ७२ खुंट्या एकदम ठोकतात आणि मशीन आपोआप वेगवेगळ्या जोड्या वापरून शेकडो रीडिंग घेते. पाच-पाच मीटरवर ४८ खुंट्या म्हणजे २३५ मीटरची रेषा, त्यातून मध्यभागी ४० ते ४५ मीटर खोलीपर्यंत बऱ्यापैकी कळतं. एका जागेच्या ग्राफपेक्षा हे कितीतरी बरं, कारण मुरूम कुठे जाड होतो, पाषाण कुठे खाली बसतो ते आडवं दिसतं.

फक्त रंगांना भुलू नका. निळा रंग म्हणजे पाणी असं काही नसतं, कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा ते कॉम्प्युटरवर बसलेला माणूस ठरवतो. चित्राखालची आकड्यांची पट्टी बघा. आणि चित्राचे खालचे दोन कोपरे सोडून द्या, तिथे डेटा नसतोच.

पाणाड्या नारळावर पाणी दाखवतो आणि त्याचे पॉइंट लागतात, मग मशीन कशाला?

नारळ उभा राहतो, उंबराची काटकी फिरते, तांब्याच्या सळ्या एकमेकींवर येतात, हे मी पण बघितलंय. आणि पॉइंट लागतात हेही खरं, पण जिथे झिजलेला थर सगळीकडे पसरलेला आहे तिथे डोळे मिटून खडा टाकला तरी थोडंफार पाणी लागणारच. जर्मनीत १९८० च्या दशकाच्या शेवटी म्युनिकजवळ याची मोठी चाचणी झाली, खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून ४३ जणांनी तो ओळखायचा, ८०० च्या वर वेळा. करणाऱ्यांनी म्हटलं की काही जणांना जमतं, पण १९९५ मध्ये तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा नशिबाच्या पलीकडे काही निघालं नाही. बाकी आपल्याकडचे काही जुने पाणाडे खरंच हुशार असतात, पण ती हुशारी झाडं, ओढा, उतार आणि गावच्या विहिरी बघण्यात असते. ते मी आदराने ऐकतो. नारळाचं नाही.

मोबाइलला जोडायची छोटी मशीन मिळते, पाच मिनिटांत ३०० मीटरचा नकाशा देते, ती कशी?

त्यातल्या बऱ्याच मशीन स्वतः करंट सोडतच नाहीत, जमिनीत आधीच फिरणाऱ्या नैसर्गिक आणि लाइटच्या विजेची लहर पकडतात. तत्त्व चुकीचं नाही, पण गावात डीपी, मोटारी, सिंगल फेजच्या तारा यांचा गोंधळ इतका की नकाशात तोच उमटतो. एक सोपी परीक्षा सांगतो, त्याच रेषेवर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा करायला लावा. दोन नकाशे जुळले तर पुढे बोलू.

व्हीएलएफ काय प्रकार आहे?

हा मला आवडतो. पाणबुड्यांशी बोलायला नौदलं अगदी कमी फ्रिक्वेन्सीचे प्रचंड रेडिओ स्टेशन चालवतात, आपलं तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, १८.२ किलोहर्ट्झचं. ती लहर जमिनीतल्या उभ्या फटीवरून जाताना वाकडी होते, आणि हातात धरायच्या यंत्राने शेतात चालत चालत ती पकडता येते. खुंट्या नाहीत, वायर नाही, लांबलचक उभ्या भेगा शोधायला झकास. पण जिथे वरचा थर ८ ओहम-मीटरच्या काळ्या मातीचा आणि जाड असेल तिथे लहर दहा मीटरच्या आसपासच मंदावते, त्यामुळे काळ्या जमिनीत फार अपेक्षा ठेवू नका.

मॅग्नेटोमीटरने पाणी सापडतं का?

हे यंत्र जमिनीच्या चुंबकत्वातला फरक मोजतं, त्याने पाणी नाही, पण डाईक सापडतात. म्हणजे लाव्हा उभ्या भेगेत घुसून थिजलेल्या भिंती, धुळे-नंदुरबारकडे त्या रांगेने आहेत. काही डाईक पाणी अडवतात, मग वरच्या अंगाला विहिरी भरलेल्या आणि खालच्या अंगाला ठणठणाट. काही डाईक स्वतःच फुटलेले असतात आणि त्यांच्या कडेने पाणी वाहतं. कोणता कसा ते दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी मोजल्याशिवाय कळत नाही, त्याला मशीन लागत नाही, दोरी आणि दगड पुरतो.

जीपीआर?

म्हणजे जमिनीत रेडिओ लहर सोडून तिचा प्रतिध्वनी पकडणारा रडार. काळ्या मातीत मीटरभर गेला तरी खूप. पाण्यासाठी नको. पाइप, केबल, जुनं बांधकाम शोधायला वापरा.

हातोडा मारून लहरी मोजतात त्याचं काय?

सुक्या मुरुमात लहर सेकंदाला पाच-सहाशे मीटरने जाते, पाण्याने भरलेल्या सैल थरात १,५०० च्या वर, घट्ट पाषाणात ५,००० च्या आसपास. म्हणजे पक्का खडक किती खोलीवर सुरू होतो ते कळतं, पाझर तलाव, बंधारा, पुलाचा पाया यासाठी उत्तम. पण एक मोठी अडचण: वर घट्ट पाषाण आणि त्याच्याखाली नरम मांजऱ्या असेल तर या रिफ्रॅक्शन पद्धतीला तो खालचा थर अजिबात दिसत नाही, आणि आपला सगळा खडक तर असाच घट्ट-नरम-घट्ट रचलेला आहे.

डायरेक्ट पाणी मोजणारी एकही पद्धत नाही का?

आहे एक, चुंबकीय रेझोनन्सची, एमआरआयचंच तत्त्व. जमिनीवर वायरचं मोठं वेटोळं टाकून पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल ऐकायचा. सिग्नल इतका बारीक की विजेच्या तारांचा आवाज त्याला गिळतो, आणि आपला खडक स्वतःच चुंबकीय असल्याने अजून त्रास. मशीन महाग. शेतकऱ्याच्या कामाची अजून तरी नाही.

हेलिकॉप्टरने सर्व्हे होतो म्हणे?

होतो. हेलिकॉप्टरखाली मोठी रिंग लटकवतात, तिच्यातून करंट एकदम बंद केला की जमिनीत विजेचे भोवरे उठतात, ते कसे विझतात यावरून थर काढतात. हैदराबादच्या एनजीआरआयने, म्हणजे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, केंद्रीय भूमिजल मंडळासाठी देशात सहा ठिकाणी याची चाचणी केली, त्यात आपल्या नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागा पाणलोट क्षेत्र होतं, आणि २०२१ पासून राजस्थान, गुजरात, हरियाणाच्या कोरड्या भागात मोठं काम सुरू झालं. तालुक्याचा नकाशा यातून सुंदर येतो. तुमच्या गटातला बोअरचा पॉइंट येत नाही.

उपग्रहावरून?

ग्रेस नावाचे दोन उपग्रह २००२ मध्ये सोडले होते, ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजायचे. त्यावरून २००९ मध्ये नासाच्या लोकांनी दाखवलं की पंजाब, हरियाणा, दिल्ली, राजस्थान मिळून २००२ ते २००८ मध्ये १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं. पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरची आहे. कोणी "सॅटेलाइटवरून तुमच्या सर्व्हे नंबरचं पाणी सांगतो" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

आमचं शेत कोकणात, खाडीला लागून आहे.

मग तुमच्यासाठी रेझिस्टिव्हिटी जास्त कामाची. सुका जांभा शेकडो-हजारो ओहम-मीटर दाखवतो आणि खारं पाणी एकदम खाली येतं, फरक इतका मोठा की गोडं पाणी कुठे संपतं ते साफ दिसतं. ढोबळ हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी उभं असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं असतं, म्हणजे उपसून पातळी एक मीटर उतरवली की खालून खारं ४० मीटरपर्यंत वर सरकायला लागतं. खाडीकाठी खोल जाऊच नका.

सोसायटीत बोअर घ्यायचाय, पार्किंगमध्ये सर्व्हे होईल का?

खरं सांगू, नाही. २० मीटरच्या जागेत वायर पसरून चार-पाच मीटरचं कळेल, त्यात सळया, केबल, अर्थिंग. शेजारच्या सोसायट्यांचे बोअर किती फुटांवर लागले ते वॉचमनला विचारा, जास्त उपयोग होईल.

सर्व्हे कधी करावा?

माझं मत एप्रिल-मे. पाणी सगळ्यात खाली असतं, तेव्हा जो थर ओला आहे तो खरा. वरची माती वाळलेली असते म्हणून खुंट्यांना पाणी जास्त ओतावं लागतं, तेवढं करायचं. ऑगस्टमध्ये सगळंच शिवार पाणीदार दिसतं.

सर्व्हेवाल्याकडून काय मागून घ्यायचं?

कच्ची रीडिंग, म्हणजे खुंट्यांची अंतरं, करंट, व्होल्टेज. ग्राफ. रेषा कुठे टाकली त्याचं लोकेशन. कोणत्या विहिरी बघितल्या ते. नुसता "पॉइंट ए, ४०० फूट" असा कागद घेऊन पैसे देऊ नका. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या ऑफिसात पण चौकशी करा, गावोगावच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या असतात.

किती खोल जायला परवानगी आहे?

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल जायला मनाई आहे. प्रत्यक्षात ७००-८०० फुटांचे बोअर मारले जातात ते सगळ्यांना माहितीय. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या खडकात खोलात लागलेलं पाणी बऱ्याचदा जुनं साठलेलं असतं, दोन उन्हाळे चालतं आणि मग मोटार हवा खेचते.

बोअर मारताना आपण काय करायचं?

गाडीच्या बाजूला उभं राहून दर दहा फुटांना चुरा हातात घ्या, रंग आणि फूट वहीत लिहा. काळी धूळ उडाली म्हणजे पाषाण, लालसर चिखल आला म्हणजे गेरू, पांढरे खडे दिसले म्हणजे मांजऱ्या. ओलावा कुठे आला, धार कुठे लागली, ती पुढे वाढली का, हे त्याच वेळी टिपा, गाडी गेल्यावर कोणाला आठवत नाही. मुरूम संपून पक्का खडक लागेपर्यंत केसिंग घालून घ्या, तिथे फूट वाचवायला गेलात तर बोअर ढासळतो. कोरडा गेला तरी वही जपून ठेवा, पुढच्या सर्व्हेला तिच्याइतकं कामाचं काही नाही, आणि तोंडाला त्याच दिवशी झाकण वेल्ड करून घ्या, उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.